मागच्या दाराचा तंबू

धुळे, ता. ५ डिसेंबर १९३७

दादा,

वहिनी पोचली असेल. मोटारीत तिला खिडकीजवळची जागा मिळाली, पण शेजारी शहाद्याचे कोणी ओळखीचे पाटील बसले, तेव्हा शहाद्यापर्यंत ती पदराआडूनच वारा खात आली असणार. आबांना आपण माझ्या बाळाच्या बारशाचं निमित्त सांगितलं होतं, म्हणून बारशाच्या घुगऱ्या सोबत दिल्या आहेत. त्या आबांना आधी दे, म्हणजे बाकीचं काही विचारणार नाहीत.

आता खरं ते सांगते. डॉक्टरांनी तिची छाती दोनदा तपासली. क्षय आहे असं आज म्हणता येत नाही, पण वाट तिकडचीच आहे, असं ते म्हणाले. औषध थोडंच दिलं. खरं औषध हवा. उन्हाळ्याचे महिने तिला डोंगरावर ठेवा, भिंतींच्या घरात नको, कापडाखाली ठेवा, आणि तोंडावर सारखा मोकळा वारा लागू द्या. हे त्यांनी तीनतीनदा बजावलं. तेव्हाही वहिनी पदर नाकापर्यंत ओढून बसली होती, म्हणून डॉक्टर हसले. मला मात्र हसू आलं नाही.

तोरणमाळ आपल्याला जवळ. पोरांना सुट्टीत हवापालट म्हणून नेतो, असं आबांना सांग. माझ्या मते तंबू घ्यावा. इथे मांडववाल्याकडे जाऊन मी सगळे प्रकार पाहून आले. आमचे मास्तर लाजून रस्त्यावरच उभे राहिले. छोलदारी घेऊ नकोस, तीत रांगत शिरावं लागतं. राहुटी बरी, पण दोन माणसं आडवी झाली की तिसऱ्याचे पाय बाहेर. तुला मोठा दुहेरी कापडाचा तंबू पाहिजे, मध्ये कनातीचा आडपडदा असलेला आणि मुख्य म्हणजे मागे दुसरं दार असलेला. आबा तुमच्यासोबत आले नाहीत तरी कोणी ना कोणी भेटायला येणारच. पुरुषमाणूस पुढून खाकरत आला की वहिनीला मागच्या दाराने निघून मोकळ्या तोंडाने बसता आलं पाहिजे. बाईला घरात काय लागतं असं मला कोणी विचारलं, तर मी मागचं दारच सांगेन.

वहिनीला इथे असताना मी बाराखडी शिकवली. 'ळ' काढताना ती अजून जिलबी तळते. हेही आबांना सांगू नकोस.

तुझी रंजना

ब्राह्मणपुरी, ता. १२ डिसेंबर १९३७

रंजना,

घुगऱ्या आबांना आवडल्या. तुझं पत्र मात्र फार लांब झालं. आबा म्हणाले वाच, मी वाचलं. अर्धं वाचून थांबलो तर म्हणाले, इतला मोठा कागद नि इतलंच? मी म्हटलं, रंजनाचं अक्षर मोठं आहे. यापुढे आबांसाठीचा मजकूर वर लिहीत जा आणि माझ्यासाठीचा खाली.

तोरणमाळची गोष्ट काढली, ती माझ्या अंगाशी आली. मला वाटलं होतं, आबा म्हणतील तुम्ही जा, मी शेत पाहतो. पण त्यांचा चेहरा एकदम खुलला. तरुणपणी गोरखनाथाच्या यात्रेला गेले होते, त्यानंतर वर जाणं झालं नाही. भिला सालदार शेत पाहील आणि मीही येणार, असं त्यांनी दुसऱ्या वाक्यालाच ठरवून टाकलं.

आता आबा आले तर तुझ्या वहिनीचं, तापीचं, काय होणार, ते तुला सांगायला नको. घरात निदान मागची पडवी आहे. म्हणून मी खळ्यात गोधड्या अंथरून माणसं मोजली आणि हळूच म्हटलं, एका मोठ्या तंबूपेक्षा दोन लहान घेतले तर? आबांनी गोधड्या गोळा केल्या. मग म्हणाले, "मी जित्ता शे तवलोंग ह्या घरना दोन पाल नही."

दोन तंबू म्हणजे मी वेगळा निघायला बघतो आहे असं त्यांना वाटलं. संध्याकाळी जेवलेसुद्धा नाहीत. शेवटी मी पाय धरले आणि एकच तंबू घेऊ म्हटलं, तेव्हा भाकरी खाल्ली. मागच्या दाराचं बोलायला तोंडच उरलं नाही.

तापी बरी आहे. सकाळी खोकते, पण चुलीच्या धुरावर खपून जातं.

लोटन

ब्राह्मणपुरी, ता. २६ डिसेंबर १९३७

रंजना,

तुझं उत्तर यायच्या आधीच तंबू आला. सांगू की नको, असं होतंय.

सारंगखेड्याच्या यात्रेला आबा बैल बघायला म्हणून गेले. तिथे कोणा तमाशाच्या फडात भांडण होऊन फड मोडला होता आणि त्यांचं सामान विकायला निघालं होतं. आबांनी त्यांचा तंबू आणला. दोन गाड्यांत बसला, तोही खांब बाहेर काढून. खळ्यात उभा केला तेव्हा सगळी ब्राह्मणपुरी बघायला आली. आत लग्न लागेल एवढा मोठा आहे. वर लाल-पिवळी ठिगळं आहेत. कनात एकही नाही. मागचं दार नाही, कारण पुढचंच दार नाही. जिथे नाचायचं फळीचं व्यासपीठ होतं ती एक बाजू सताड उघडी आहे. गावातली मंडळी विचारून गेली, पाटील, तिकीट काय?

आबा भलतेच खूश. कोणी येवो, पाहुणे येवोत, रंजना पोराबाळांसकट आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या माहेरपणाला, येवो, सगळी एका छताखाली झोपतील, असं म्हणतात. मी काय बोलणार? तापीने पदराआडून तंबू पाहिला आणि मागे पडवीत जाऊन हसली. हसता हसता खोकला लागला तो बराच वेळ थांबेना.

लोटन

धुळे, ता. ३ जानेवारी १९३८

(आबांसाठी) आबा, तंबू मोठा घेतला, फार छान केलं. आखाजीला मी येईन आणि मधल्या खांबाला झोका बांधीन. बाळ आता हसतो.

(दादासाठी) तमाशाच्या तंबूची हकीकत वाचून मास्तर खुर्चीवरून पडायचे राहिले. मीही हसले, आणि मग भाकरी थापता थापता रडले. दादा, त्या उघड्या तंबूत वहिनी काय करेल? आबा समोर, दिवसभर. घरी ती चार वेळा तरी मागे जाऊन श्वास घेते. तिथे उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडावर पदर. एवढा डोंगर चढून जायचं ते नाकावर लुगडं धरून बसायला?

तू आबांना सरळ सांगत का नाहीस? आबा रागीट आहेत, दुष्ट नाहीत. मी त्यांची लेक आहे, मला माहीत आहे.

रंजना

ब्राह्मणपुरी, ता. ९ फेब्रुवारी १९३८

रंजना,

उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते कळेना. तू त्यांची लेक आहेस म्हणूनच तुला माहीत नाही. तू तेव्हा पाळण्यात होतीस. मी सात-आठ वर्षांचा होतो.

आपली धाकटी काकू, कौसाकाकू. तिलाही असाच ताप आणि खोकला होता. घरात लहान पोरं आहेत, असं चार शहाण्यांनी सांगितलं आणि तिला माहेरी पोचवायचं ठरलं. काका गाडीवर बसायला तयार होईनात, म्हणून आबांनी स्वतः गाडी हाकली. मी वेशीपर्यंत गाडीमागे पळालो होतो. पुढच्या पोळ्याला तिकडून ती गेल्याचा निरोपच आला. त्यानंतर काकांचं दुसरं लग्न झालं.

आता सांग, खोकल्याचं नाव मी आबांपुढे कसं काढू? कौसाकाकूला निदान आई होती. तापीला कोण आहे? मायबाप गेले, भाऊ आहे तो भावजयीच्या ऐकण्यातला. ती रोज मला विचारते, आबांना कळलं तर नाही ना? तिला खोकल्याची भीती नाही. गाडीची आहे. मी तिला शब्द दिला आहे की मी आबांना सांगणार नाही.

तू म्हणतेस त्या कनातीचं मी केलं. जुनी धोतरं आणि गोणपाट शिवून तापीनेच एक कनात केली. खोटं कशाला सांगू, सुरेख शिवली आहे. तंबूच्या एका कोपऱ्यात लावू.

लोटन

तोरणमाळ, ता. १३ एप्रिल १९३८

रंजना,

पाडव्यानंतर निघालो ते पोचलो. म्हसावदपर्यंत गाड्या आल्या. पुढे चढावर रामसिंग आणि करमसिंग या इथल्या दोघा भावांनी आपली माणसं आणून सामान वर चढवलं. मधला खांब घाटाच्या वळणावर अडकला. पुढच्यांना वळता येईना, मागच्यांना उतरता येईना. आबा खालून ओरडून रस्ता सांगत होते आणि वर कोणालाच ऐकू जात नव्हतं. शेवटी खांब कापावा लागला. त्यामुळे तंबू आता मध्ये बसका झाला आहे, पण उभा आहे.

जागा फार सुंदर. समोर तळं, आंब्याची मोठी झाडं, आणि सकाळी घोंगडी लागते इतका गारवा. पोरं तर तंबूत सापडतच नाहीत.

तापीचं विचारशील. कनात लावली, पण गोणपाटातून वारा येत नाही. कनातीआड पदर उतरवून बसली तर उबून जाते, बाहेर आली तर पदर. डॉक्टरांनी सांगितलेला वारा तंबूभर खेळतो आणि तिलाच तेवढा मिळत नाही. शिवाय घरी भिंतींमुळे जे लपत होतं ते इथे लपत नाही. कापडापलीकडे सगळं ऐकू जातं. खोकला आला की ती तोंडात पदराचा बोळा कोंबते. मला ते बघवत नाही.

आणखी एक. परवापासून आबांनी आपली खाट उचलून बाहेर आंब्याखाली नेली. तळ्याकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून बसतात. जेवणही तिकडेच मागवतात. आत या म्हटलं तर नुसता हात हलवतात. त्यांना संशय आला असावा, आणि आतापासूनच अंतर ठेवत असावेत.

तू आखाजीला ये. तू आलीस की मला धीर येईल.

लोटन

धुळे, ता. १९ एप्रिल १९३८

दादा,

मी येऊ शकत नाही. बाळाला गोवर निघाला आहे आणि थोरलीचं अंगही कालपासून तापलंय. आखाजीला माहेरी न जाण्याची ही माझी पहिलीच वेळ. तुला काय सांगू, काल भांडी घासताना उगीच आखाजीची गाणी म्हणत बसले.

आबांची खाट बाहेर गेली, हे मी दोनदा वाचलं. पण दादा, आता तू गप्प बसू नकोस. खोकला त्यांनी ऐकलाच आहे. लपवलेलं कळण्यापेक्षा सांगितलेलं कळणं बरं. वहिनीला दिलेला शब्द मोड, आणि मोडायला लावला म्हणून दोष माझ्यावर घाल. डॉक्टर म्हणाले होते की उन्हाळा हातचा गेला तर पुढचं ते सांगू शकत नाहीत. आज एप्रिल निम्मा सरला.

रंजना

तोरणमाळ, ता. २६ एप्रिल १९३८

रंजना,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी आबांनी मला खाटेजवळ बोलावलं. त्यांनीच विचारलं, "लोटन, हाऊ खोकला कोना शे?"

मी सांगितलं. बारसं, डॉक्टर, हवा, सगळं. आबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. कवयपासून, एवढंच विचारलं. मी म्हटलं, दिवाळीच्या आधीपासून. मग म्हणाले, "मंग आखाजीले तिले माहेरले धाडनं पडी."

रंजना, बापासमोर मी कधी बोललो नाही, तसाच या वेळीही उभा राहिलो. आबा उठले, काठी घेतली आणि रामसिंगला सोबत घेऊन म्हसावदला उतरून गेले. गाडी ठरवायलाच गेले असणार. आखाजीच्या आत येतो, असं पोरांना सांगून गेले.

तापीने कनातीआडून सगळं ऐकलं. रडली नाही. तिने आपली दोन लुगडी घडी करून बोचक्यात बांधली आणि पोरांच्या डोक्याला तेल लावत बसली. मी तिला सांगितलं आहे, गाडी आली तर मीही त्याच गाडीत बसेन. पण आबांना हे कसं सांगणार आहे ते मला ठाऊक नाही.

लोटन

धुळे, ता. २९ एप्रिल १९३८

दादा,

गाडी आली तर तिचं तोंड धुळ्याकडे वळव. भावाच्या दारात वहिनीला उतरवायचं नाही. तिचं माहेर मी आहे. मास्तरांनी ओसरीवर एक खाट आजच टाकून ठेवली आहे आणि तिकडच्या खिडकीची फळीही काढली आहे. इथे डोंगर नाही, पण तोंड झाकायलाही कोणी लावणार नाही.

आबांना माझा नमस्कार सांगू नकोस. त्यांच्यावर मी आजवर कधी रागावले नव्हते.

रंजना

तोरणमाळ, ता. ४ मे १९३८

रंजना,

तुझं पत्र आज पोचलं. मास्तरांना म्हणावं खाट तशीच राहू द्या, पावसाळ्यात आम्ही सगळेच येऊ. आणि आबांना नमस्कार न सांगण्याचं जे लिहिलंस, ते मी वाचलंच नाही असं समजतो.

आबा आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी वर आले. गाडी नव्हती, ती या घाटात येणार तरी कशी, हे आठवायचं भानही मला राहिलं नव्हतं. रामसिंगच्या डोक्यावर आंब्यांची पाटी होती आणि खांद्यावर नवा दोर. आबांच्या काखेत बोचकं होतं. आल्याबरोबर त्यांनी दोर आंब्याच्या फांदीवर टाकला आणि झोका बांधला. मग ते तंबूकडे आले. सवयीने खाकरले. तापी कनातीआडून पदर ओढून बाहेर आली आणि खाली मान घालून उभी राहिली. तिचं बोचकं तिच्या हातात होतं. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

आबांनी आपलं बोचकं तिच्या पायाशी ठेवलं. त्यात हिरव्या बांगड्या होत्या, सांजोऱ्यांसाठी रवा-गूळ होता आणि लुगडं होतं, दर आखाजीला तुला घेतात तसंच. ते म्हणाले, "ब्राह्मणपुरीमा तू मन्ही वहू शे. हाऊ तंबू काही मन्हं घर नही, आठे तुन्हं माहेर शे. आंडेर काय बापफुडे तोंड झाकस?"

तापी हलेना. आपल्याला लेक म्हटलं, हे तिला कळलंच नाही बहुतेक. मलाही कळायला वेळ लागला, खोटं कशाला सांगू. मग आबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "एक गाडी हाकी ती गैरी व्हयनी." कौसाकाकूची हाकली तेवढी एकच गाडी पुरे, हे कळलं तेव्हा मी तिच्या हातातलं बोचकं काढून घेतलं आणि तिने पदर मागे सारला.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. लग्नाच्या वेळी पाहिलं असेल तेवढंच, त्यानंतर आजच. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं.  "इतली वाळी गयी पोरी, नि माले दिसनं नही," असं म्हणाले आणि खाटेवर जाऊन बसले. खरंच आहे. एका घरात राहून त्यांना ते दिसणार तरी कसं होतं? आपण सगळ्यांनी त्यांना खोकला ऐकू जाऊ नये याची काळजी घेतली, तोंड तर झाकलेलंच होतं.

नंतर मी विचारलं, खाट बाहेर का नेली होती? तर म्हणाले, पोर तोंडात बोळा धरून खोकते हे ऐकू येत होतं. मी पाठ करून बसलो तर बिचारी मोकळी खोकेल. मी काय काय समजून बसलो होतो, ते तू माझ्या मागच्या पत्रांत वाचलंच आहेस.

कनात काढून टाकली. त्याच गोणपाटाची झोक्याला बसायची गादी केली. आता तापी तंबूच्या उघड्या बाजूला, जिथे व्यासपीठ होतं तिथेच, दिवसभर बसते. वारा तळ्यावरून थेट येतो. मागच्या दाराची गरज राहिली नाही. इथे भेटायला येणाऱ्यांना आबा सांगतात, लेक माहेरी आली आहे. ते इकडेतिकडे बघतात, रंजना कुठे म्हणून. आबा काही बोलत नाहीत, झोक्याकडे बोट दाखवतात.

अजून खोकला आहे. सकाळी थोडा कमी वाटतो, पण मी उगाच सांगणार नाही. जून लागेपर्यंत आम्ही इथेच आहोत. ब्राह्मणपुरीला उतरल्यावर पदराचं काय, हे मी आबांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलंही नाही. पण काल भिलाला निरोप पाठवलाय की घराच्या पुढच्या ओसरीची भिंत पाडून ठेव, तिथे वारा येत नाही.

खालची जागा तापीने मागून घेतली आहे. मी शुद्धलेखन तपासलेलं नाही.

लोटन

ताई,

मी बरी शे. झोका खेळनू. पोरं हसनात, माय झोका खेळस म्हनीसन. वारा तोंडवर लागस.

आबानी मन्हं तोंड देखं. पन ताई, मी बी आबानं तोंड पहिलींदाव देखं. इतला वरीस मी त्यासना पायच वळखू. त्यासना डोळा तुमनासारखा शेतस.

तापी